दोन थर्मास : मोठं घर सोडून तळ्याकाठच्या लहान घरात गेलेल्या जोडप्याचा प्रकरण अभ्यास

वयस्कर माणसांना मोठं घर आवरून लहान घरात जायला मदत करणं, हे माझं काम. बहुतेक प्रकरणांत काहीतरी मापात चुकतं. सोफा दारातून जात नाही, कपाट छताला टेकतं. या प्रकरणात सगळी मापं बिनचूक होती. तरीही आठ महिन्यांत पुन्हा घर बदलावं लागलं, म्हणून ते लिहून ठेवते आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. नावं देत नाही. मी त्यांना काका-काकू म्हणायचे, तेच इथे वापरते.

पार्श्वभूमी

काका ७६ वर्षांचे, काकू ७२. काकांचं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेलं. काकू शिवणकाम शिकवायच्या आणि निवृत्तीनंतरही स्वतःसाठी शिवत होत्या. घर दुमजली, सुमारे २,२०० चौरस फुटांचं. खाली दोन खोल्या, वर तीन, त्यावर पोटमाळा. त्या घरात ३४ वर्षं काढलेली. मुलगी आणि मुलगा दोघंही लांब राहणारे, रोज फोन करणारे.

काकांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते खाली झोपत होते. काकू वर. सकाळी आठला काका जिना चढून काकूंना हाक मारायला जात, तेवढाच त्यांचा दिवसातला जिना. एके सकाळी उतरताना ते शेवटच्या पायरीवर चुकले. जिना संपला असं समजून पाय टाकला आणि खाली अजून एक पायरी होती. मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही, हे नशीब.

मुलांनी त्याच आठवड्यात विषय काढला आणि तो पुन्हा मिटला नाही. त्यांची भीती अवाजवी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत सर्वाधिक साठीपुढची असतात.

अडचण काय आहे, हे कोणी कसं सांगितलं

पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: घर का सोडायचं आहे? मुलीचं उत्तर, जिना. मुलाचं उत्तर, एकटेपणा. रात्री काही झालं तर धावून येणारं कुणी नाही. काकांचं उत्तर हिशेबी होतं: गळणारं छप्पर, पाच खोल्यांची झाडलोट, वाढलेली बाग, आणि यातलं काही स्वतःच्या हाताने होत नाही. काकू म्हणाल्या, "यांचं ठरलंय तर बघू."

"बघू" या शब्दावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मुलगी तळ्याकाठच्या त्या ज्येष्ठांच्या वसाहतीची चित्रं दाखवत होती आणि चित्रं खरोखरच सुंदर होती.

घर बदलण्याचा ताण किती, याचा एक जुना मापदंड आहे. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या घडामोडींना गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५ आणि राहतं घर बदलण्याला फक्त २०. हा आकडा बघून मुलं निर्धास्त होतात. पण त्याच यादीत राहणीमानातल्या बदलाला वेगळे २५ गुण आहेत, भेटीगाठींमधल्या बदलाला १८ आणि झोपेच्या सवयी बदलण्याला १६. म्हातारपणी घर बदलणं म्हणजे हे सगळं एकाच टेम्पोतून येतं. यातल्या शेवटच्या ओळीकडे तेव्हा माझंही लक्ष नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता त्याच घरात फक्त तळमजल्यावर राहण्याचा. खाली न्हाणीघर वाढवायचं, आधाराच्या दांड्या बसवायच्या, वरचा मजला बंद करायचा. खर्च सगळ्यात कमी. काकांनी त्याचा नकाशाही काढला होता. पण छप्पर, बाग आणि रात्रीची धास्ती तशीच राहत होती. काकूंना हा पर्याय सगळ्यात कमी पसंत होता. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खालच्या दोन खोल्यांत माझं यंत्र कुठे ठेवू?" मी मनात नोंद केली: शिवणयंत्रासाठी जागा हवी. नोंद बरोबर होती, अर्थ अर्धाच लागला होता.

दुसरा पर्याय मुलीच्या घराजवळ लहान सदनिका. तो दोघांनी मिळून नाकारला. मुलगी नोकरीमुळे दर चार-पाच वर्षांनी गाव बदलते. तिच्या मागे किती वेळा सामान बांधायचं, हा काकांचा सवाल रास्त होता.

तिसरा पर्याय तळ्याकाठची वसाहत. एकमजली घरं, मधोमध सामायिक सभागृह आणि दवाखाना, रात्री परिचारिका, हाकेला माणूस. इथेही दोन प्रकार होते. पाण्याला लागून असलेली पहिली ओळ: ६४० चौरस फूट, एक शेजघर, मोठा दिवाणखाना आणि सगळी भिंत काचेची. मागची ओळ: ७६० चौरस फूट, दोन लहान शेजघरं, खिडकीतून समोरच्या घराची भिंत. पहिल्या ओळीची अनामत मागच्या ओळीपेक्षा साधारण एक पंचमांश जास्त. पाणी दिसण्याची किंमत ती.

वसाहतीने दोन रात्री पाहुण्यांच्या घरात राहून बघायला बोलावलं. दोघं गेले आणि खूश होऊन आले. काकू सकाळी काठावर बसल्या होत्या, पाणकावळे पंख पसरून वाळवत होते, ते त्यांनी मला दोनदा सांगितलं. निर्णय तिथेच झाला. मुलं म्हणाली, एवढं सोडून जायचंच आहे तर निदान पाणी तरी दिसू दे. मीही हेच म्हणाले. पाहुण्यांच्या त्या घरात शेजघरं दोन होती, ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही. लक्षातच आली नाही.

करार

कराराच्या बाबतीत मात्र आम्ही नीट वागलो. अशा वसाहतींत साधारण तीन प्रकार आढळतात: घर विकत घेणं, अनामत भरून हयातभर राहण्याचा हक्क घेणं, किंवा महिन्याच्या भाड्याने राहणं. यांचा करार दुसऱ्या प्रकारचा होता. अशा करारात घर तुमचं होत नाही. म्हणून अनामत परत कधी मिळणार, किती कापून मिळणार, पुढचा राहणारा मिळेपर्यंत ती अडकणार का, देखभाल शुल्क दरवर्षी कशाच्या आधाराने वाढणार आणि दोघांपैकी एक उरल्यावर ते किती कमी होणार, ही उत्तरं तोंडी घेऊन उपयोग नसतो. आम्ही प्रश्नांचा कागद केला आणि प्रत्येक उत्तर करारातल्या कलमासमोर टिपून घेतलं.

कागद जाण्याआधी काकूंनी खाली पेनाने एक ओळ वाढवली: "आत राहायला गेल्यावर घर बदलून मिळेल का?" मला वाटलं, शिक्षकी पेशातली सावधगिरी. उत्तर आलं की पहिल्या वर्षात एकदा बदलता येईल, घर रिकामं असेल तर, आणि सोडलेल्या घराच्या रंगाचा खर्च राहणाऱ्याने द्यायचा. काकूंनी ते कलम करारात घालून घेतलं. त्या ओळीने पुढे सगळं वाचवलं. माझं त्यात श्रेय नाही.

आवराआवर

१४ आठवडे लागले. रोज सकाळी दोनच तास. त्यापुढे माणूस निर्णय घ्यायचा थकतो आणि मग एकतर सगळं ठेवतो किंवा सगळं टाकतो. सुरुवात पोटमाळ्यापासून केली, फोटो शेवटी ठेवले. फोटोंपासून सुरुवात केली की पहिला आठवडा एकाच ट्रंकेपाशी जातो.

काकांनी नव्या घराचा नकाशा एक इंचाला चार फूट या प्रमाणात काढला. पुठ्ठ्याचे तुकडे कापून प्रत्येकावर नाव लिहिलं: पलंग, लेखनाचं टेबल, शिवणयंत्र, आरामखुर्ची. दार उघडताना किती जागा खातं ते कंपासने चाप काढून दाखवलं. कधी वॉकर लागला तर म्हणून पलंगाभोवती तीन फुटांची वाट सोडली. असा नकाशा माझ्या कामात मी पुन्हा पाहिलेला नाही. प्रत्येक पुठ्ठा आपापल्या जागी चपखल बसला.

दहा माणसांचं जेवणाचं टेबल विकायला दीड महिना लागला, कारण काका भाव उतरवायला तयार नव्हते. यातही नवल नाही. काहनेमन, नेच आणि थेलर या तिघांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नुकताच हातात दिलेला साधा मग विकायलासुद्धा लोक, तोच मग विकत घेणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून जास्त किंमत मागत होते. तिथे मग काही मिनिटांपूर्वी मिळालेला होता. हे टेबल ३४ वर्षांचं. शेवटी ते एका वाचनालयाला फुकट दिलं. फुकट द्यायला काका एका दिवसात तयार झाले. भाव कमी करणं त्यांना अपमान वाटत होता, देणं वाटत नव्हतं. तेव्हापासून घासाघीस अडली की मी देण्याचा विषय काढते.

मुलांना "काय हवं ते सांगा" असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, काही नको. घर रिकामं झाल्यावर तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन, "ते हिरवं लोखंडी कपाट कुठे गेलं?" असो.

आता मुख्य चूक. दोन मजल्यांच्या घरात काही वस्तू दोन-दोन असतात. मी यादी करताना जोड्या शोधते, कारण त्यांतली एक कमी करायला कुणाची हरकत नसते. या घरात जोड्या भरपूर निघाल्या. दोन भिंतीवरची घड्याळं, दोन रेडिओ, चष्म्याची दोन-दोन घरं, दोन पांघरुणांच्या पेट्या. आणि दोन थर्मास. एक खाली काकांच्या उशाशी, बूच दोऱ्याने कानाला बांधलेलं. दुसरा वर शिवणयंत्राच्या फळीवर, त्याच्या बुडाखाली कापडाच्या चिंध्यांची जाड चकती. मी दोन्ही हातात घेऊन विचारलं, "कुठला ठेवायचा?" काकू क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "यांचा ठेवा." मी दुसऱ्यासमोर फुली मारली.

दोन थर्मास म्हणजे घरात दोन रात्री असतात. काकू रात्री एकपर्यंत शिवत बसायच्या, मग झोपायच्या, आठला उठायच्या. काका नऊला आडवे व्हायचे आणि साडेचारला रेडिओ लावायचे. ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने. सहा वर्षं त्या दोघांमध्ये एक मजला होता आणि त्यामुळे कुणाला कुणाचा त्रास नव्हता. हे त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. मला मात्र ते दिसायला हवं होतं. दोन थर्मास मी हातात धरले होते.

पहिले आठ महिने

पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात तळ्याने आपले रंग दाखवले.

काचेची भिंत पश्चिमेकडे होती. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा पाणी प्रकाश फार थोडा परत पाठवतं, जेमतेम दोन टक्के. पण सूर्य कलला की तेच पाणी आरशासारखं होतं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागलेला, त्यांना ती तिरीप सहन होईना. चारपासून अंधार पडेपर्यंत जाड पडदा ओढलेला असे. ज्या पाण्यासाठी पंचमांश जास्त मोजले, ते दिवसाच्या सगळ्यात देखण्या वेळी पडद्याआड.

मग ओल. काकांनी निवडून आणलेल्या सहा नकाशांच्या नळ्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे उभ्या होत्या. एका नळीला कुबट वास येऊ लागला. मी आर्द्रतामापक ठेवला, कपाटामागे ७२ टक्के. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरण्याचा धोका वाढतो. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलं, नळ्या आतल्या भिंतीकडे हलवल्या, हवेतली ओल शोषणारं यंत्र आणलं. पाच नळ्या वाचल्या.

चढाचं कुणालाच सुचलं नव्हतं. तळं नेहमी आवारातल्या सगळ्यात खोल जागी असतं, त्यामुळे काठावरच्या घरातून कुठेही जायचं तर चढ. सभागृह १७० मीटर अंतरावर आणि सुमारे नऊ मीटर उंचावर. काकांनी लगेच प्रमाण काढलं: १:१९. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ पर्यंतचा उतार चालतो, म्हणजे कागदावर हा सौम्यच. पण अशा उतारावर मधेमधे सपाट टप्पे लागतात, आणि इथे तळापासून वरपर्यंत एकही नव्हता. काकांनी वसाहतीला आकृतीसह पत्र दिलं. दीड महिन्यात दोन ठिकाणी टप्पा करून बाक बसवले गेले. लेखी, मापांसह मागितलेली गोष्ट लवकर मिळते, हा माझा अनुभव इथेही खरा ठरला.

या सगळ्यावर तोडगे निघाले. रात्रीवर निघेना. एकच शेजघर आणि दिवाणखान्याला मधे पातळ भिंत. काकू दिवाणखान्यात शिवायला बसल्या की पायाच्या यंत्राची धडधड पलंगापर्यंत पोचायची. काका ऐकू कमी येतं म्हणून आवाजाने नाही, जमिनीच्या हादऱ्याने जागे व्हायचे. पहाटे साडेचारला रेडिओ. काकांनी कानात घालायचं यंत्र वापरून पाहिलं, कानाला खाज सुटली. काकूंनी नऊला झोपायचा प्रयत्न केला आणि अंधारात छताकडे बघत पडून राहिल्या. मग त्यांनी शिवणं सोडलं. भांडण असं झालं नाही. दोघं फक्त चिडचिडे झाले, आणि फोनवर मुलीला वाटलं की आईला नवी जागा मानवली नाही.

चौथ्या महिन्यात मी भेटायला गेले. यंत्रावर झाकण, झाकणावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मी तेव्हाच लिहिलं होतं ना, घर बदलून मिळेल का म्हणून. कुणी विचारलं नाही, का विचारताय."

काका गप्प होते. मग म्हणाले, "अगं, पण तू बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? नवऱ्याजवळ झोपायचं नाही म्हणून वेगळी खोली द्या?"

त्या वाक्यानंतर सगळं सोपं झालं. मागच्या ओळीतलं घर रिकामं व्हायला अजून चार महिने लागले. त्या काळात वसाहतीच्या छंदवर्गाच्या खोलीची किल्ली काकूंनी मागून घेतली आणि रात्री दहापर्यंत तिथे शिवलं. परिचारिका त्यांना घरापर्यंत सोडायच्या. आठव्या महिन्यात घर बदललं. अनामतीतला फरक परत मिळाला, त्यातून रंगाचा खर्च वजा झाला. टेम्पोचा खर्च दुसऱ्यांदा पडला तो पडलाच.

आता दोन शेजघरांच्या मधे न्हाणीघर आहे, म्हणजे दोन भिंती. यंत्राखाली जाड रबरी चटई. काका सकाळी चढाच्या पहिल्या बाकावर जाऊन बसतात, तिथून तळं दिसतं, आणि आठला परत येऊन दारावर टकटक करतात. काकूंनी नवा थर्मास घेतला. जुना मीच कुठेतरी देऊन टाकला होता.

आज वेगळं काय केलं असतं

जोड्यांची यादी करताना आता मी आधी विचारते की ही वस्तू दोन का आहेत, कोण कधी वापरतं. एक कमी करायचा प्रश्न नंतर. नकाशासोबत दोघांचा दिवस तासातासाने लिहायला लावते, शक्यतो वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता. कागद शेजारी ठेवले की घरात किती भिंती लागतील ते आपोआप दिसतं.

दोघांना एकदा तरी वेगवेगळं भेटायला हवं होतं. मुलांसमोर काकू तो प्रश्न तोंडाने कधीच विचारू शकल्या नसत्या. पेनाने विचारला, तेवढं त्यांना जमलं.

दोन रात्रींचा मुक्काम ही सहल असते. दोन आठवडे राहावं, घ्यायच्या प्रकारच्याच घरात, हवा खराब असताना, आणि रेडिओ व शिवणयंत्र बरोबर नेऊन. दुपारी चार वाजता काचेसमोर बसून बघावं. सभागृहापर्यंत हातात पिशवी घेऊन चालावं.

एका गोष्टीबद्दल माझं अजून ठरत नाही. जुनं घर विकण्याऐवजी वर्षभर भाड्याने द्यावं, असं मी सुचवलं होतं; काकांनी नाकारलं. परतीची वाट उघडी ठेवली तर मन तिथे रुजणार नाही, असं ते म्हणाले. अडचणीच्या त्या महिन्यांत जुनं घर असतं तर दोघं परत गेले असते, आणि तो जिना तिथेच होता. म्हणून त्यांचं बरोबर होतं असं म्हणावंसं वाटतं. पण घरबदलाचं कलम नसतं तर दोघं त्या एका खोलीत अडकले असते, आणि मग मी हे वाक्य लिहिलं नसतं.

नव्या घराच्या करारावर सह्या करताना मी सगळी कलमं वाचून दाखवली. एक कलम असं आहे की दोघांपैकी एकच उरलं तर त्या व्यक्तीला एका शेजघराच्या घरात परत जाता येईल, पहिल्या ओळीतसुद्धा. काका म्हणाले, "हे पुन्हा एकदा वाच." मी वाचलं. काकूंनी विचारलं की पडदे जुनेच लावायचे की नवे शिवू.